किलमार्टिनच्या दरीत उन्हाळ्याचे चार दिवस: दगड, बीव्हर आणि बागा

एडिनबरा, लॉख नेस, स्काय हा फेरा आपल्याकडच्या सहलींनी इतका पाठ करून ठेवलाय की ग्लासगोपासून रस्त्याने जेमतेम १४०-१५० किलोमीटरवरचं किलमार्टिन बहुतेकांच्या यादीत येतच नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आर्गाइल भागातल्या या गावाभोवती सहा मैलांच्या आत ८०० हून जास्त ऐतिहासिक आणि प्रागैतिहासिक अवशेष आहेत, शेजारच्या नॅपडेलच्या जंगलात बीव्हर (झाडं कुरतडून पाडणारे, पाण्यात राहणारे प्राणी) आहेत आणि तासाभराच्या आत हिमालयातल्या झाडांनी भरलेली एक घळ आहे. मुक्काम एकाच ठिकाणी ठेवायचा: गाडी असेल तर किलमार्टिन, बसने फिरणार असाल तर लॉखगिल्पहेड. चार दिवस पुरतात.

मात्र इथला बेत अंतरावर आखून चालत नाही, घड्याळावर आखावा लागतो. जूनअखेर सूर्य पहाटे साडेचारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. बीव्हर, वटवाघळं आणि खडकांवरची कोरीव चित्रं या सगळ्यांची खरी वेळ त्या लांबलचक दिवसाच्या टोकांना असते. दहाला निघून पाचला परतणाऱ्याला निम्मंच दिसतं. म्हणून दुपारी तीन तास झोप काढायची आणि रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा बाहेर पडायचं.

महिना निवडताना काय बघायचंय ते आधी ठरवा. ऱ्होडोडेंड्रॉनचा (आपल्या हिमालयातल्या बुरांशाच्या कुळातलं फूलझाड) बहर एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत असतो. जुलैत बागेत जाऊन ‘फुलं कुठायत?’ विचारणारे दरवर्षी असतात. जुलैत बीव्हरची पिल्लं बाहेर दिसू लागतात, पण मिज नावाची चिलटंही तेव्हाच जोरात असतात आणि स्कॉटलंडच्या शाळांना जूनअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुट्टी असल्याने खोल्या महाग होतात. सगळ्याचा मेळ घातला तर जूनचे पहिले दोन आठवडे उत्तम. पाऊस कधीही येईल, ते धरूनच चाला. भर उन्हाळ्यातही दुपारचं तापमान १५ ते १९ अंशांच्या आसपास असतं.

ग्लासगोच्या ब्युकॅनन बस स्थानकावरून कॅम्पबेलटाउनला जाणारी ९२६ क्रमांकाची बस लॉखगिल्पहेडला साधारण अडीच तासांत पोचवते. पुढे किलमार्टिनवरून ओबनला जाणारी बस आहे, पण तिच्या फेऱ्या मोजक्या असतात; रविवार तर हिशेबात धरूच नका. गाडी घेतली तर ए८२ आणि मग ए८३. वाटेत ‘रेस्ट अँड बी थँकफुल’ नावाची खिंड लागते. तिथे पावसात दरडी कोसळतात आणि वाहतूक खालच्या जुन्या लष्करी रस्त्यावरून, कधी एका वेळी एकाच दिशेने सोडतात. निघण्याआधी ‘ट्रॅफिक स्कॉटलंड’ या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती बघावी. खिंड पूर्ण बंद असेल तर डॅलमलीवरून मोठा वळसा पडतो.

भारतीय परवान्यावर पाहुण्याला १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते आणि रस्त्याची बाजूही आपलीच, डावी. अडचण येते ती एकेरी रुंदीच्या रस्त्यांवर. समोरून गाडी आली आणि थांब्याची जागा (कडेला रुंद केलेला तुकडा) तुमच्या डावीकडे असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबून समोरच्याला आत येऊ द्यायचं. मागून स्थानिक माणूस घाईत आला तरी तिथेच थांबून त्याला पुढे सोडायचं. फोटोसाठी या जागेत गाडी लावणं हा इथला सगळ्यात मोठा गुन्हा समजला जातो. आणि पबमध्ये एक पेगही घेणार असाल तर किल्ली दुसऱ्याकडे द्या: स्कॉटलंडची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडच्या ८० पेक्षा बरीच कमी.

येतानाच लॉख फाइनच्या काठावरची क्रॅरे बाग बघून घ्यावी. इन्व्हरेरीच्या दक्षिणेला साधारण १६ किलोमीटरवर, ए८३ ला लागूनच. १९१२ मध्ये लेडी ग्रेस कॅम्पबेल यांनी सुरू केलेली ही बाग २००२ पासून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. हिमालयात ट्रेक केलेल्यांना बुरांश ओळखीचा असतोच. इथे त्याचे शेकडो भाऊबंद एका ओढ्याच्या दोन्ही अंगांना, चढउतारावर लावलेत. आम्लधर्मी माती, भरपूर पाऊस आणि समुद्रामुळे सौम्य राहणारा हिवाळा यामुळे ती झाडं इथे रमली. बहुतेक लोक खालच्या पुलापर्यंत जाऊन परततात. वरची वाट घ्या, घळ वरून बघितल्याशिवाय तिची रचना कळत नाही. दोन तास हाताशी ठेवा आणि बूट पकड असलेले घाला, ओल्या उतारावर साधे स्नीकर्स घसरतात. बागेतच नवाश्मयुगातलं एक दफनस्थळ आहे, तेही चुकवू नका.

याच फुलाची दुसरी बाजू नॅपडेलमध्ये दिसते. ‘पोंटिकम’ जातीचा ऱ्होडोडेंड्रॉन बागांमधून निसटून जंगलात पसरला. त्याच्या दाट सावलीत ओकची रोपं, शेवाळं, दगडफूल काहीच तग धरत नाही. म्हणून तिथे तोडलेल्या, वाळलेल्या ऱ्होडोडेंड्रॉनचे ढीग दिसले तर हळहळू नका. जंगल वाचवायचं काम चाललेलं असतं.

क्रॅरेच्या थोडं अलीकडे ऑखिनड्रेन हे जुनं शेतकरी खेडं आहे. माणसं आणि गुरं एकाच लांबट छपराखाली, मधे आड भिंत. कोकणातलं किंवा घाटावरचं जुनं घर पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. उघडण्याच्या वेळा आधी बघून मगच थांबा.

किलमार्टिनची पायवाट गावातूनच सुरू होते. आधी संग्रहालय (२०२३ मध्ये नूतनीकरणानंतर पुन्हा उघडलं), मग दरीत उतरायचं. उलट क्रमाने गेलात तर पहिले दोन दफनढीग नुसते दगडांचे ढीगच वाटतील. ग्लीब, नेदर लार्गीचे उत्तर, मधला आणि दक्षिण, आणि शेवटी री क्रुइन असे पाच दफनढीग एका रांगेत आहेत. जाऊन-येऊन साधारण पाच किलोमीटर, जवळजवळ सपाट. उत्तरेच्या ढिगावर एक झडप आहे. ती उघडून आत उतरता येतं आणि मोठ्या शिळेवर कोरलेल्या कुऱ्हाडी दिसतात. टॉर्च न्या, मोबाइलचा उजेड तिरका धरा, समोरून मारलात तर कोरीवकाम सपाट होऊन जातं. दक्षिणेचा ढीग सगळ्यांत जुना, पाच हजार वर्षांहून अधिक. जवळच टेंपल वुडची दगडी वर्तुळं आहेत. एका शिळेवर दुहेरी सर्पिल कोरलंय, तेही बाजूच्या उजेडातच नीट दिसतं.

तिरक्या उजेडाचा हा नियम अख्नाब्रेकला सगळ्यांत जास्त लागू पडतो. लॉखगिल्पहेडच्या उत्तरेला जंगलखात्याच्या वाहनतळावरून वीस मिनिटांची चढण आहे. वरच्या उघड्या खडकांवर वाट्या आणि त्यांच्याभोवती वर्तुळं कोरलेली. मोठी वर्तुळं जवळजवळ मीटरभर व्यासाची आहेत. भर दुपारी ढगाळ हवेत गेलात तर करडा खडक बघून परत याल. संध्याकाळी आठ-नऊला, ऊन कलल्यावर जा. नुकताच पाऊस पडून खडक ओला असेल तर रेषा आणखी उठून दिसतात. खडकावर पाय ठेवू नका आणि फोटोसाठी खडूने रेषा गिरवू नका.

डुनॅड हा ५४ मीटर उंचीचा खडकाळ टेकडा, दाल रियाता या जुन्या गेलिक राज्याचं मुख्य ठाणं. वर खडकात एक पाऊल कोरलंय. राजा त्यात पाय ठेवून शपथ घेई असं मानतात. लोक आजही त्यात पाय घालून फोटो काढतात, पण वर दिसतं ती प्रतिकृती आहे, मूळ खडक तिच्याखाली झाकलाय. शेवटचा टप्पा गुळगुळीत, पावसात उतरताना बसून उतरावं. माथ्यावरून मोइन व्होरची दलदल पूर्ण दिसते. या सगळ्या जागा फुकट आहेत, त्यामुळे एवढ्यासाठी किल्ल्यांचा एक्सप्लोरर पास घेऊन पैसे घालवू नका.

मोइन व्होरमध्ये फक्त आखलेल्या वाटेवरून चालायचं. कासच्या पठारावर दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती पाहिली असेल तर तिचेच नातलग इथे शेवाळात लाल ठिपक्यांसारखे दिसतील. वाटेबाहेर मात्र जमीन म्हणजे पाण्याने तुडुंब भरलेला स्पंज आहे, गुडघ्यापर्यंत पाय जातो आणि बूट आतच राहतो.

आता बीव्हर. ब्रिटनमधून नाहीसा झालेला हा प्राणी २००९ मध्ये नॉर्वेहून आणून नॅपडेलच्या तळ्यांत सोडला. २०१९ पासून स्कॉटलंडमध्ये त्याला कायद्याने संरक्षण आहे. क्रिनन कालव्याकाठच्या बेलानॉखवरून टेव्हॅलिखकडे वळलं की बार्नलुआस्गन इथे वाहनतळ लागतो. दिवसा एकदा येऊन वाट बघून ठेवा: पेन्सिलीसारखं टोक काढलेले बुंधे, खाली ताज्या पिवळट ढलप्या, डूव्ह लॉखच्या वाढलेल्या पाण्यात उभी मेलेली झाडं. ढलप्या काळ्या पडल्या असतील तर ते काम जुनं. रात्री साडेआठपर्यंत परत येऊन काठावर बसायचं. वारा तुमच्याकडून पाण्याकडे वाहत असेल तर दुसरी बाजू धरा, बीव्हरची नजर कमजोर असली तरी नाक तीक्ष्ण असतं. पाण्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी लाट सरकताना दिसली की दुर्बीण तिच्या टोकावर न्या. ८×४२ ची पुरते, १० पटीची घेतली तर हाताची थरथर जास्त जाणवते. फाटकन शेपटी आपटल्याचा आवाज आला की त्या संध्याकाळचा खेळ बहुधा संपला. दोन संध्याकाळी राखून ठेवा, एकीचा भरवसा नाही. मोबाइलला रेंज फारशी नसते, नकाशा आधीच उतरवून घ्या.

वारा पडलेली दमट संध्याकाळ बीव्हर बघायला चांगली, पण ती मिजनाही आवडते. ताशी ११ किलोमीटरच्या वर वारा असेल तर ही चिलटं उडत नाहीत, म्हणून जेवायला बसायची जागा उघड्यावर, वाऱ्याला तोंड करून निवडा. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, बारीक जाळीची डोक्यावरची टोपी आणि २० टक्के पिकारिडिनचं मलम घ्या. डीईईटी हे दुसरं कीटकरोधकही चालतं, पण ते दुर्बिणीच्या आणि चष्म्याच्या प्लॅस्टिकला खातं.

गोचीड जास्त गंभीर, कारण तिच्यातून लाइम रोग (जिवाणूंमुळे होणारा आजार) होऊ शकतो. पायजमा मोज्यात खोचा, नेच्यांच्या झुडपातून जाणं टाळा आणि रोज रात्री गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, लहान मुलांच्या केसांत तपासा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, नेलपॉलिश, पेटती काडी यांच्या नादी लागू नका, त्याने ती पोटातलं जखमेत ओकते. पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरणारा लाल चट्टा उठला तर भारतात परतल्यावरही डॉक्टरांना ‘स्कॉटलंडमध्ये गोचीड चावली’ हे स्वतःहून सांगा, एरवी कुणाच्या डोक्यात येणार नाही. उबदार सकाळी वाटेवर पाठीवर नागमोडी पट्टा असलेला ॲडर पहुडलेला असतो. घोणशीच्याच कुळातला विषारी साप. लांबून वळसा घाला.

पक्षी बघायला मात्र फार लांब जावं लागत नाही. मुक्कामाच्या घरी दाण्यांचं भांडं टांगलेलं असेल तर सकाळी सहाला खिडकीत चहा घेऊन बसा. जून-जुलैत नवख्यांची फसगत होते ती पिल्लांमुळे. छातीवर तांबडं नसलेला ठिपकेदार तपकिरी पक्षी म्हणजे रॉबिनचंच पिल्लू, आणि सबंध टाळू लाल असलेला काळापांढरा सुतारपक्षी ही ग्रेट स्पॉटेडचीच नवी पिढी, वेगळी जात नव्हे. डिजिटॅलिसच्या (फॉक्सग्लव्ह) घंटेसारख्या फुलांमध्ये शिरणारे भुंगे बघा, पण त्या झाडाचा प्रत्येक भाग विषारी असल्याने मुलांना तोडू देऊ नका. जुलैच्या मध्यापासून बडलिया झुडपाच्या जांभळ्या तुऱ्यांवर पंखांवर डोळे असलेली पीकॉक फुलपाखरं येतात. तेव्हाच देशभर ‘बिग बटरफ्लाय काउंट’ चालतो: एका जागी १५ मिनिटं थांबून मोजायचं आणि नोंद पाठवायची, पाहुण्यांनीही.

गावात पिवळी पाटी दिसली तर थांबा. ‘स्कॉटलंड्स गार्डन्स स्कीम’ खाली १९३१ पासून लोक आपल्या खासगी बागा धर्मादाय कामासाठी ठरावीक दिवशी उघडतात. तिकीट, घरचा केक, रोपांची विक्री असं सगळं असतं; सुटे पाउंड जवळ ठेवा. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये माळरान, जंगल, शेताच्या कडेने जबाबदारीने फिरायचा हक्क सगळ्यांना आहे, पण घराची बाग त्यात येत नाही. फाटक जसं मिळालं तसंच सोडा: उघडं तर उघडं, बंद तर बंद.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. कॅफेतलं ‘लेंटिल सूप’ आपल्या मसूर डाळीसारखं दिसतं, पण परंपरेने ते डुकराच्या हाडांच्या पाण्यात शिजवतात. विचारून घ्या. हॅगिस या मूळच्या मांसाच्या स्कॉटिश पदार्थाचा शाकाहारी प्रकार मात्र बऱ्याच ठिकाणी मिळतं आणि ओट्स, डाळी, मिरपूड यामुळे आपल्या जिभेला रुचतं.

चौथा दिवस कालव्याचा. १८०१ मध्ये खुला झालेला क्रिनन कालवा ९ मैलांचा, १५ लॉकचा (होड्यांना वर-खाली नेणारे दारांचे पाणकप्पे). किंटायरच्या भूशिराला पडणारा समुद्री वळसा वाचवण्यासाठी तो खोदला. काठाची वाट सपाट, सायकलीला आणि वयस्कांना सोयीची. सबंध चालायचा हट्ट नको. बेलानॉखपासून क्रिननपर्यंतचा टप्पा सगळ्यांत देखणा: एका हाताला कालवा, दुसऱ्या हाताला भरती-ओहोटीचा चिखल आणि त्यात चरणारे पक्षी. ओहोटीची वेळ बघून निघा, भरतीत हे पक्षी नजरेआड होतात.