साठ अंशांच्या पाण्याची वीज

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्यात मी बॉयलर आणि कूलिंग टॉवर सांभाळतो, हे ठाऊक असलेले लोकलमधील सहप्रवासी हमखास विचारतात, "साहेब, एवढी उष्णता रोज हवेत सोडता, तिची वीज का करत नाही?" तुम्हीही विचारलेत, म्हणून लिहितो.

उष्णता किती आहे यापेक्षा ती किती अंशांवर आहे, हे महत्त्वाचे असते. फ्रेंच अभियंता सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, साठ अंशांचे पाणी आणि तीस अंशांचा परिसर यांच्यामध्ये चालणारे यंत्र कितीही निर्दोष बांधले, तरी उष्णतेचा सुमारे ९ टक्केच भाग विजेत बदलू शकते. वाफेच्या टर्बाइनला असे कोमट पाणी निरुपयोगी असते. विद्युतघटाला मात्र ते चालते.

काही घटांचा व्होल्टेज गरम झाल्यावर उतरतो आणि गार झाल्यावर चढतो. असा घट गरम असताना कमी व्होल्टेजवर चार्ज करायचा, मग गार करून जास्त व्होल्टेजवर डिस्चार्ज करायचा. वरची मिळकत उष्णतेची. २०१४ मध्ये एमआयटी आणि स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी तांब्याच्या हेक्झासायनोफेरेट या संयुगाचा इलेक्ट्रोड वापरून १० आणि ६० अंशांच्या दरम्यान ५.७ टक्के कार्यक्षमता दाखवली. कार्नोची मर्यादा तिथे १५ टक्के असल्याने, हा आकडा मला फार मोलाचा वाटतो.

पण त्यात दोन गोष्टी गृहीत आहेत. घट स्वतः तापवण्यात खर्चलेली उष्णता, तो गार होताना निम्मी तरी परत मिळवली पाहिजे. म्हणजे एका घटाची ऊब दुसऱ्याला देणारा चांगला हीट एक्स्चेंजर हवा. दुसरी गोष्ट आमच्यासाठी अधिक कठीण आहे. दहा अंशांचे पाणी आम्ही आणायचे कुठून? कूलिंग टॉवर पाणी हवेच्या ओल्या तापमानाच्या (ओले फडके गुंडाळलेला तापमापक दाखवतो त्या) खाली नेऊ शकत नाही, आणि खाडीकाठच्या दमट हवेत ते तापमान पावसाळ्यात बरेच वर असते. शिवाय अंशामागे १.२ मिलिव्होल्टच्या आसपास फरक मिळत असल्याने, तीस अंशांच्या अंतरात एका घटाला छत्तीस-सदतीस मिलिव्होल्ट हाती लागतात, आणि त्यातूनच घटाच्या आतल्या रोधात वाया जाणाऱ्या व्होल्टेजची भरपाई करावी लागते.

म्हणून सध्या आम्ही त्या उष्णतेने बॉयलरचे पाणी आधीच कोमट करतो आणि इंधन वाचवतो. तरी हे संशोधन इथे, या हवेत तपासले जावे, असे मला मनापासून वाटते. टॉवरच्या तळातील पाण्याचे तापमान मी प्रत्येक पाळीत नोंदवतो. त्या विजेचा हिशेब मांडायची वेळ आली, तर पहिला आकडा तोच लागेल.