अमावास्या टाळून ट्रान्स्फर करता येईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, आणि बऱ्याचदा प्रश्न सुनेचा नसतोच, शेजारी बसलेल्या सासूबाईंचा असतो. "मॅडम, गुरुवारी अमावास्या आहे. एक दिवस पुढे ढकलता येईल ना?" मी आयव्हीएफ लॅबमध्ये, म्हणजे टेस्ट-ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत, काम करते. ट्रान्स्फर म्हणजे लॅबमध्ये तयार झालेला गर्भ गर्भाशयात ठेवणं; तो कॅथेटरमध्ये, म्हणजे बारीक नळीत, मी भरते, म्हणून तारीखही माझ्याच हातात असेल असं वाटत असावं.

तारीख बदलता येते. फक्त ते विचारायचं असतं आठवडाभर आधी.

गोठवलेल्या गर्भाला कसलीच घाई नसते. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना त्याचं वय थांबलेलं असतं. महिना गेला काय, वर्ष गेलं काय. घाई असते गर्भाशयाच्या अस्तराला. पाळी आल्यावर अस्तर वाढवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या गोळ्या सुरू होतात, सोनोग्राफीत अस्तर सात-आठ मिलिमीटर दिसेपर्यंत वाट बघतात. इथपर्यंत दोन-चार दिवस इकडेतिकडे चालतात. पण प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचा पहिला डोस गेला की घड्याळ सुरू. त्या दिवसापासून अस्तराचं रूप बदलत जातं, आणि गर्भ रुजवून घ्यायची त्याची तयारी थोडेच दिवस टिकते. म्हणून पाच दिवसांचा गर्भ असेल तर साधारण डोसच्या सहाव्या दिवशी ठेवायचा, तीन दिवसांचा असेल तर चौथ्या. गर्भाचं वय आणि अस्तराचं वय जुळलं पाहिजे. पत्रिका जुळवायचीच असेल तर ही जुळवा.

तिसरा दिवस की पाचवा, हा वेगळा वाद. तिसऱ्या दिवशी गर्भात सहा ते आठ पेशी असतात. नैसर्गिक गर्भधारणेत तो तेव्हा अजून बीजवाहिनीतच असतो. पाचव्या दिवशी शंभराच्या आसपास पेशी आणि आत पाण्याची पोकळी, म्हणजे ब्लास्टोसिस्ट. तिथवर पोचलेला गर्भ आपोआप निवडला गेलेला असतो, हे खरं. पण लॅबमध्ये सगळे तिथवर पोचत नाहीत. हाताशी एक-दोनच गर्भ असतील तर काही डॉक्टर तिसऱ्या दिवशीच ठेवतात, आणि मला ते पटतं.

गर्भ थांबवून गर्भाशयाची वाट बघायची ही कल्पना नवी नाही, आणि परदेशातून आलेलीही नाही. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला आणि बीजं वाढवायच्या इंजेक्शनांनी थकलेलं ते पाळीचं चक्र सोडून नंतरच्या चक्रात ठेवला. ३ ऑक्टोबर १९७८ला मुलगी जन्मली. सरकारी चौकशी समितीने त्यांना खोटं ठरवलं. १९८१मध्ये त्यांनी आत्महत्या केली. आज आम्ही रोज जे करतो, तेच ते करत होते.

आता एक गोष्ट सांगते, मग तुमचं तुम्ही ठरवा. एका ताईंना शनिवारपासून प्रोजेस्टेरॉन सुरू करायला सांगितलं होतं, गुरुवारी ट्रान्स्फर. गुरुवारी सकाळी त्यांचा फोन आला, आवाज अगदी बारीक. शनिवारी नवीन औषध सुरू करू नये असं घरचे म्हणाले, म्हणून त्यांनी रविवारी सुरू केलं होतं. पाच दिवस ओरडा खाण्याच्या भीतीने बोलल्या नव्हत्या. गर्भ आम्ही ट्रान्स्फरच्या काही तास आधीच वितळवतो. त्या सकाळी टाकीचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. डॉक्टरांना विचारून ट्रान्स्फर शुक्रवारवर घेतला.

शुक्रवारी अमावास्या होती. सासूबाई बाहेर बाकावर बसून होत्या, काही बोलल्या नाहीत.