ला तूरचा जोसेफ, अपडेट ५: हात अखेर आतून पेटला!

जॉर्ज द ला तूर या फ्रेंच चित्रकाराच्या ‘सुतार जोसेफ’ या चित्राची मी तैलरंगात नक्कल करतेय. त्यातल्या एका हातानं तीन आठवडे झोप उडवली होती, काल रात्री सुटला म्हणून लगेच लिहितेय.

मागे म्हटलं होतं ना, बाळ येशूनं मेणबत्तीच्या ज्योतीपुढे धरलेला हात झाला की जोसेफच्या कपाळाकडे वळेन. पण हात काही केल्या उजळेना. दर वेळी टायटेनियम व्हाइट, म्हणजे पांढरा रंग, वाढवत गेले आणि बोटं खडू फासल्यासारखी दिसायला लागली, तीनदा पुसून काढलं. कॅनव्हास मूळच्या निम्म्या मापाचा आहे (पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं १३७ बाय १०२ सेंमी, माझं ६८ बाय ५१), म्हणजे हात तो केवढा, त्यात एक फटकारा जास्त झाला की संपलं.

शेवटी घरातले सगळे दिवे घालवून भाचीच्या हातात मेणबत्ती दिली, दुसरा हात ज्योतीपुढे धरायला लावला आणि समोर बसले. चेहऱ्यावर थेट उजेड, तो पिवळट पांढरा. पण बोटं चेहऱ्यापेक्षा चांगलीच गडद! नुसती लालभडक, कडांना आणि दोन बोटांमधल्या पातळ कातडीत नारिंगी, मधे मंद. मी पांढरा शोधत होते आणि तिथे हवा होता लाल.

मग हात सगळा खरडला, कडा उजळ आणि मध्य गडद असं अंडरपेंटिंग (खालचा पहिला थर) केलं, ते सुकल्यावर अलिझरिन क्रिमसन या गडद लाल रंगाचे पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, जवसाच्या तेलात. काल तिसरा बसला आणि काय सांगू, हातामागे खरंच ज्योत आहे असं वाटलं, मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. अलिझरिन मात्र आर्टिस्ट ग्रेडचाच घ्या, स्वस्तातली ट्यूब ग्लेझमध्ये गढूळ होते.

इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जोच्या चित्रांतला उजेड बहुतेक वेळा चौकटीबाहेरून येतो, ला तूरनं तो सरळ पोराच्या हातात दिला. चित्रात ना देवदूत ना प्रभावळ. गिरमिट फिरवता फिरवता बाप मान वर करून पोराकडे बघतो, आणि खालचं लाकूड क्रूसाची आठवण करून देतं. हात पेटल्यावर ती नजर एकदम काळजीची वाटायला लागली, जोसेफला मी अजून हातही लावलेला नसताना!

म्हणून आता कपाळ थांबवलंय. आधी डोळ्यांतली ओल, तीही पांढऱ्यानं नाही, मेणबत्तीच्याच पिवळ्यानं. नाहीतर असं करते, उद्या बाबांनाच ज्योतीसमोर बसवते, सुरकुत्याही त्यांच्याच बघून घेईन.