किल्ल्या शोधून देणारा संत आणि कर्जदारांचा कायदा

१३ जूनला पादोवात सुट्टी असते. बाकीची इटली कामावर, आम्ही घरी. इंग्रजी नकाशावर पाडुआ दिसतं ते हेच गाव, आणि हा दिवस त्याच्या संताचा, संत अँथनींचा. मी शीतगृहाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. तिथले माझे सोबती एरवी चर्चच्या दारावरून मान खाली घालून निघून जातात, पण त्या संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन मिरवणुकीला हजर. संतांचा पुतळा आणि अवशेष गावातून फिरतात, मागून बँड, पोलीस, झगे घातलेले फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघातले साधू), आणि फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेल्या आज्या. साधारण याच सुमाराला आपल्याकडे मुक्ताईची पालखी कोथळी सोडून पंढरीच्या वाटेला लागलेली असते. घरून दिंडीचे व्हिडिओ येतात, मी इकडून मिरवणुकीचे पाठवतो. कोण कुणाचे बघतं, देव जाणे.

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत वाढलेल्याला हा संत नवा नाही. आमच्या ओळीत एक गोवेकर मावशी राहायच्या. त्यांच्या फ्रीजवर तपकिरी झगा घातलेली, हातावर बाळ येशू घेतलेली वीतभर मूर्ती असायची. ओळीत कुणाची किल्ली, कानातलं, रेशनकार्ड हरवलं की बायका आधी मावशींकडे जायच्या. मावशी पदर डोक्यावर घेऊन काहीतरी पुटपुटायच्या आणि मग शोधाशोध सुरू व्हायची. आईची मंगळसूत्राची वाटी एकदा अशीच सापडली, तेव्हा तिनं त्या मूर्तीपुढे नारळ ठेवला. पांडुरंगाला त्याचं काही वाटलं नसावं. म्हणून नोकरीचं पत्र आलं तेव्हा मित्र पहिल्यांदा हेच म्हणाला, “काय भो, किल्लीवाल्या बाबाच्या गावाले चालला का?”

किल्लीवाल्या बाबाचं हे मंदिर म्हणजे घुमटांवर घुमट चढवलेली अवाढव्य बॅसिलिका. गावातले लोक तिला नुसतं ‘संत’ म्हणतात, ‘संताकडे चाललोय’ म्हटलं की पुरतं. आत डाव्या अंगाला त्यांचं थडगं. मागच्या बाजूनं रांग सरकत राहते, आणि प्रत्येक जण थडग्याच्या शिळेवर तळहात टेकवून दोन क्षण उभा राहतो. काही जण कपाळही टेकवतात. आसपास लोकांनी आणून ठेवलेले फोटो असतात: नवजात बाळं, चेपलेल्या गाड्या, दवाखान्यातल्या खाटेवर हसणारे म्हातारे. आपल्याकडच्या माणसाला इथं काहीही समजावून सांगावं लागत नाही.

एक मात्र मला विचारून घ्यावं लागलं. आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशी पार केलेल्या आजी आहेत, दर मंगळवारी संताकडे जाणाऱ्या. (१७ जून १२३१ ला अँथनींना मूठमाती मिळाली तो मंगळवार होता, म्हणून मंगळवार.) मी विचारलं, तुम्ही संतांची पूजा करता का? आजी जवळजवळ रागावल्या. पूजा देवाची. संतांना मान द्यायचा, आणि आपल्यासाठी देवाकडे प्रार्थना करा असं सांगायचं. नंतर वाचलं तर चर्चनं ७८७ साली निकेया या गावी भरलेल्या दुसऱ्या धर्मपरिषदेत हीच रेघ ओढलेली आहे: मूर्तींना आणि चित्रांना वंदन करा, आराधना मात्र एका देवाची. मी ते आईला असं सांगितलं की तालुक्याच्या ऑफिसात ओळखीचा माणूस आपल्या अर्जासाठी चार शब्द टाकतो, पण सही साहेबाचीच लागते. आई म्हणाली, मग थेट साहेबालाच का नाही भेटायचं? प्रोटेस्टंट मंडळी पाचशे वर्षं हेच विचारत आहेत, हे तिला सांगायचं राहून गेलं.

बॅसिलिकेत त्यांची जीभही ठेवलेली आहे. १२६३ साली अवशेष नव्या जागी हलवताना ती न कुजलेली सापडली, असं सांगतात. उत्तम वक्ते होते, म्हणून जिभेचा मान मोठा. मला ती काचेआड फार वेळ बघवली नाही. पण माझ्यासारखे थोडेच असावेत, रांग तिथंही लांबच असते.

मला जे सांगायचंय ते या रांगेतल्या कुणाच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही.

अँथनी मुळात इथले नव्हेत. लिस्बनचे, सुखवस्तू घरातले, पाळण्यातलं नाव फर्नांदो. आधी ते दुसऱ्याच एका संघात होते आणि ग्रंथ वाचत कोइंब्राच्या मठात राहायचे. १२२० साली मोरोक्कोत मारल्या गेलेल्या पाच फ्रान्सिस्कनांचे अवशेष तिथं आणले गेले, आणि ते बघून यांनी मठ बदलला, नाव बदललं, आपणही मोरोक्कोला जाऊन मरावं असं ठरवलं. गेलेही. पण आजारी पडले, परतीच्या वाटेवर वादळानं जहाज सिसिलीला नेऊन लावलं आणि माणूस इटलीचा झाला. हौतात्म्य हुकलं. नशिबी आलं ते प्रवचन.

१२३१ च्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात पादोवात त्यांनी रोज प्रवचन केलं. चर्च पुरेना, मग मोकळ्या मैदानात. बोलण्याचा रोख पुष्कळदा एकाच गोष्टीवर असायचा: व्याजानं पैसे देणारे सावकार. पादोवा तेव्हा पैसेवाल्यांचं गाव. कर्ज थकलं की माणूस तुरुंगात, आणि तुरुंगात बसून तो फेडणार कुठून? त्या वर्षी १५ मार्चला नगरसभेनं कायदा केला: कर्जदार आपली मालमत्ता सोडून द्यायला तयार असेल, तर निव्वळ कर्जापायी त्याला डांबता येणार नाही. हे अँथनींच्या विनंतीवरून होत आहे, असं त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. पुढच्या तीन महिन्यांत, जेमतेम छत्तीस वर्षांचे असताना, ते वारले.

रावेर-यावलकडचा माणूस हे वाचून थांबेलच. मृगाआधीच्या वावटळीत केळीची बाग आडवी होते तेव्हा वरच्या घडांसकट बियाण्याचं, खताचं, ठिबकचं देणंही जमिनीवर पडलेलं असतं. माझ्या मामांच्या ओट्यावर बसून ‘आता कुणाच्या दारात जायचं’ हे मी लहानपणी पुष्कळ ऐकलंय. आणि ज्या संताला आमच्या ओळीत आम्ही किल्ल्या शोधायला लावत होतो, त्यानं हे काम करून ठेवलेलं होतं!

किल्ल्यांची कथा तशी गोड आहे. एका शिकाऊ साधूनं अँथनींचं स्तोत्रांचं पुस्तक पळवलं, यांनी प्रार्थना केली, तो घाबरून परत घेऊन आला. त्यावरून सगळ्या जगाच्या हरवलेल्या वस्तू त्यांच्या गळ्यात पडल्या. पण दोनातेल्लो या शिल्पकारानं इथल्या मुख्य वेदीसाठी काशाच्या पाट्या घडवल्या, त्यांतल्या एकीवर दुसरीच कथा आहे. एका कंजूष धनवानाच्या अंत्यविधीत अँथनी म्हणतात, याचं काळीज याच्या छातीत नाही, तिजोरीत बघा. छाती उघडतात तर रिकामी, तिजोरीत काळीज. पाटीवर माणसांची नुसती झुंबड उडालेली दिसते. प्रवासी फोटो काढतात आणि पुढं शिळेवर हात टेकवायला जातात. माझं मत विचाराल तर संतांच्या बाबतीत माणसं फार हुशार असतात. मागायला सोपं तेवढं ठेवून घेतात आणि करायला अवघड ते वेदीवर उंच बसवून देतात. वारकऱ्यांच्या घरात वाढलोय, आपणही यात काही मागं नाही.

चर्चला हे कळत नाही असं नाही. संत ठरवताना आधी चौकशी होते ती माणूस जगला कसा याची. साधारणपणे मृत्यूनंतर पाच वर्षं थांबायचं, मग साक्षी, कागद, रोममधली छाननी. त्यानंतर ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) ठरवायला एक चमत्कार, संत ठरवायला आणखी एक, आणि तो डॉक्टरांच्या मंडळापुढून जाऊन. हुतात्म्यांना पहिला माफ. उमेदवाराच्या विरुद्ध बाजू मांडायला पूर्वी खास अधिकारीच असे, लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. १९८३ च्या सुधारणांत ती जुनी पद्धत गेली. अँथनींना यातलं काही सोसावं लागलं नाही, वर्ष पुरं व्हायच्या आत, ३० मे १२३२ ला, ते संत झाले. आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सियांना मात्र थांबावं लागलं. तेही फ्रान्सिस्कन, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारले गेले, आणि संत ठरले १८६२ साली. इथल्या कुणालाच हे नाव माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर आजींनी वहीत लिहून घेतलं.

परवा भाच्याच्या डेंग्यूचं कळलं तेव्हा त्याच आजींनी मला तोम्मासिनोची कथा सांगितली. तान्हं पोर पाण्यात बुडालं, आईनं अँथनींना साकडं घातलं की माझं लेकरू उठलं तर त्याच्या वजनाइतकं धान्य गरिबांना वाटीन. पोर उठलं. ‘संत अँथनींची भाकरी’ म्हणून गरिबांसाठी दान द्यायची चाल जगभरच्या चर्चमध्ये आहे, तिचं मूळ या कथेत सांगतात. संतांच्या वाट्याला त्या नवसातलं काहीच येत नाही, हे मला फार आवडलं.

भाचा आता बरा आहे, शाळेत जायला लागलाय. कथा मी आईला फोनवर सांगितली आणि विसरलो. दोन दिवसांनी तिचाच फोन. ज्वारी घ्यायची का गहू? मी म्हटलं, अगं, तू नवस बोलली कधी? म्हणाली, तू सांगत होतास तेव्हाच. मुक्ताईच्या दिंडीतल्या स्वयंपाकाला द्यायची ठरलंय, ज्वारीच, कारण वारकऱ्यांना भाकरी लागते. आणि घाई एवढ्यासाठी की दुखण्यातनं उठल्यापासून पोरगं दिवसाला चार वेळा खातंय, तोलायला उशीर केला तर पोतं वाढेल.