तिसरी पायरी

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी पंपहाऊसवरच्या काकांचा फोन आला. "मॅडम, तुमचं यंत्र पाणी उतरलं म्हणतंय. उतरलं कुठं? तिसरी पायरी गेली की."

मी कॉलेजच्या लॅबमध्ये, समोर स्क्रीन. पातळीची रेघ झपकन खाली आलेली. मी म्हणाले, "काका, नीट बघा ना पुन्हा एकदा." ज्या माणसाच्या पायाशी पाणी होतं, त्यालाच मी नीट बघायला सांगितलं. जुलै संपून गेला, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही.

वाशीतल्या एका होल्डिंग पॉन्डवर, म्हणजे पावसाचं पाणी साठवणाऱ्या तलावावर, आम्ही पाण्याची पातळी मोजणारा नोड, म्हणजे एक छोटं यंत्र, बसवला आहे. नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा राहिला. म्हणून सिडकोने शहर वसवताना डच धर्तीचे हे तलाव ठेवले. ओहोटीला झडपा उघडतात, पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला झडपा मिटतात आणि पाऊस थांबला नाही, तर सगळं पाणी तलावात साठत राहतं. त्या दिवशी साडेचार मीटरच्या वरची भरती ऐन दुपारी होती आणि सकाळपासून धार लागलेली.

नोड साधा आहे. अल्ट्रासॉनिक सेन्सर खाली पाण्याकडे ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, प्रतिध्वनीला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. दर दहा मिनिटांनी पाच रीडिंग घ्यायची, त्यातलं मधलं निवडायचं आणि लोरावर, म्हणजे कमी विजेत दूरवर पोचणाऱ्या रेडिओवर, ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाठवून झोपी जायचं. हे संदेश झेलून पुढे पाठवणारा गेटवे जवळच्या एका इमारतीच्या गच्चीवर आहे. त्याची परवानगी मिळवायला आम्हाला चार महिने लागले, कारण सोसायटीच्या लोकांना 'रेडिएशन'ची भीती. आमचा नोड २५ मिलिवॅटवर बोलतो. खिशातला मोबाइल २०० पर्यंत जातो. हे मी तीन बैठकांत सांगितलं, कोणी ऐकून घेतलं नाही.

पाचातलं मधलं घ्यायची युक्ती माझ्या विद्यार्थ्याची, आणि तिचा मला अभिमान होता. तरंगणारी बाटली, मध्येच बसलेला बगळा, सेन्सरच्या तोंडावर कोळ्याने विणलेलं जाळं. असली भरकटलेली रीडिंग त्यात आपोआप गळतात. जाळं पुसायला हात पोचावा म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही सेन्सर धरणारा ब्रॅकेट दोन फूट खाली घेतला होता. इथेच घात झाला.

या जातीच्या सेन्सरमध्ये बोलणारी आणि ऐकणारी चकती एकच. घंटेवर टोला दिला की ती काही वेळ घुमत राहते, तशी ही चकतीही थरथरते, आणि तोवर ती बहिरी असते. म्हणून साधारण २० सेंटिमीटरच्या आतलं तिला कळत नाही. पाणी त्याहून जवळ आलं की पहिला प्रतिध्वनी थरथरीत बुडतो. पण आवाज तिथे संपत नाही. तो सेन्सरवर आपटून पुन्हा पाण्याकडे जातो, परत येतो, आणि हा दुसरा प्रतिध्वनी मात्र स्वच्छ ऐकू येतो. अंतर बरोबर दुप्पट दिसतं.

त्या दुपारची अंतरं अशी: २३, २२, २१, २०, आणि मग एकदम ३८. पाणी १९ सेंटिमीटरवर आलं होतं, आम्हाला ते १८ सेंटिमीटर उतरलेलं दिसलं. पाचही रीडिंग ३८ च्या आसपास. एकही भरकटलेलं नाही, त्यामुळे गाळायला काही नव्हतंच.

मी ग्रुपवर 'पातळी उतरते आहे' असा मेसेज टाकून मोकळी झाले. तिथल्या एका साहेबांनी लगेच काकांना एक पंप बंद करायला सांगितलं, डिझेल वाचेल म्हणून. काका म्हणाले, "पायरी दिसली की बंद करतो, साहेब." आणि त्यांनी मला फोन लावला.

पुढची रीडिंग ३६, ३४, ३२. एरवी दहा मिनिटांत एक सेंटिमीटर चढणारं पाणी आता दोनने चढत होतं. हा दुपटीचा वेग दिसल्यावर माझ्या हातापायांतलं बळ गेलं. मी ताबडतोब दोघांनाही फोन करून सांगितलं की माझा मेसेज चूक आहे, पंप चालू ठेवा. तो चालूच होता.

खरं तर एवढं थांबायचीही गरज नव्हती. तलाव १० हेक्टरचा धरला, तरी १८ सेंटिमीटर म्हणजे १८ हजार घनमीटर पाणी. दहा मिनिटांत ते जाणार कुठे? झडपा बंद होत्या. सेकंदाला ३० घनमीटर उपसणारा पंप तिथे नाही. हे गणित मी पहिल्या वर्षाच्या मुलांना तोंडी विचारते.

ब्रॅकेट आता पुन्हा वर गेला आहे. भिंतीवर मोजपट्टी रंगवली आहे, पाचही रीडिंग कच्ची पाठवतो; पॅकेट लांबलं तर लांबू दे. पण गेल्या ऑगस्टमधल्या एका रात्रीच्या आलेखातही अशीच एक पायरी आहे. तिच्याबद्दल आमच्या शोधनिबंधात वाक्य छापलं आहे, 'पंप सुरू झाल्यामुळे पातळीत घट'. ते मीच लिहिलं. परीक्षकांनी दोन फेऱ्या मशीन लर्निंगशी तुलना मागितली. पाणी गेलं कुठे, हे कोणीच विचारलं नाही. त्या रात्री त्यानंतर पाऊस थांबला होता, त्यामुळे त्या दुपटीच्या वेगाची खूण सापडत नाही, आणि तेव्हा आम्ही फक्त मधलं रीडिंग पाठवत होतो.

परवा पंपहाऊसवर गेले. काकांनी लोखंडी कपाटातून गेल्या वर्षीची वही काढली, पानं ओलीने फुगलेली. तारखेवर बोट ठेवून त्यांनी वाचून दाखवलं: 'रात्री ९ ते १२.३०, पंप बंद. लाइट नाही. डिझेल आलं नाही.'

वहीच्या पानाचा मी फोटो काढला. संपादकांना पाठवायचं पत्र अर्धं लिहून झालं आहे.