रिंग गार, जॉब गरम

मे महिना होता. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत दुपारी पत्रा असा तापतो की शेडमधले पंखे गरम वाराच खाली ढकलतात. आमचं सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकी लेथवर धातूचे नग (जॉब) कातायचं, युनिट तिथंच आहे, आणि क्वालिटी माझ्याकडे असते. अकराच्या चहाला लाइनवरची माणसं ट्रॉलीभोवती जमली होती. तेवढ्यात आमचा नवा इन्स्पेक्टर रिजेक्शनचा लाल टॅग घेऊन नानांच्या मशीनपाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हे सगळे मायनस आहेत. तुमचं माप चुकतंय." मायनस म्हणजे मापाला कमी.

नाना म्हणजे आमचे सगळ्यांत जुने ऑपरेटर. हा पोरगा जन्मायच्या आधीपासून ते लेथवर आहेत. त्यांनी मशीन थांबवलं, हात पुसले आणि म्हणाले, "मग तूच चालव." एवढं बोलून ते शेडबाहेर जाऊन बसले. पाचच मिनिटांत सुपरवायझर माझ्याकडे आले. "मॅडम, याला दुसरीकडे टाका. पोरगा हुशार आहे, पण माणसांत बसत नाही."

माणसांत बसत नाही हे मलाही दिसत होतं. तो कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नसे. कुणी "काय, जेवण झालं का?" विचारलं तर डब्यात काय होतं ते सगळं सांगायचा, आणि समोरच्याला मात्र परत विचारायचा नाही. काम असलं की येऊन पाठीमागे मुकाट उभा राहायचा, बघणारा दचकायचा. टोमणा त्याला कळत नसे, त्यामुळे टोमणे वाढतच गेले. डबा स्टँडर्ड रूमबाहेरच्या (मोजमापाची एसी खोली) स्टुलावर एकट्यानं खायचा. पण त्याच्या हातून मोजलेला जॉब कधी परत मोजावा लागला नाही, आणि या धंद्यात ते सोपं नाही. अशा माणसाला दुसरीकडे टाकायला मी तयार नव्हते.

मी त्याला आत बोलावलं. हात थरथरत होते त्याचे. पहिला प्रश्न त्यानंच विचारला, "मॅडम, माझं रीडिंग चुकलं का?"

"नाही. रीडिंग बरोबर आहे."

"मग ते का चिडले?"

हा प्रश्न त्यानं मनापासून विचारला होता, त्यात कांगावा नव्हता. आपल्याकडे अशा वेळी "एवढंही कळत नाही का?" म्हणून वाटेला लावतात. पण ज्याला कळत नाही त्याला ते कुणीतरी सांगायला नको का? ड्रॉइंग न देता जॉब बनवायला सांगितल्यासारखंच आहे ते.

मी विचारलं, "तू बोललास तेव्हा तिथं कोण कोण होतं?"

"सहा जण."

"त्यात नानांच्या हाताखाली शिकलेले किती?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बहुतेक सगळेच."

"म्हणून ते उठले. रिजेक्शनची गोष्ट मशीनपाशी जाऊन, त्या माणसालाच सांगायची, हळू आवाजात. चार लोकांत नाही." त्यानं खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. मग विचारलं, "हळू म्हणजे किती?" मी म्हटलं, शेजारच्या मशीनवर ऐकू जाणार नाही इतकं. तेही लिहिलं. असं नेमकं सांगितलं की त्याला पटतं, हे मला त्या दिवशी समजलं. "जरा समजून वाग" यातून त्याच्या हाती काहीच लागत नव्हतं.

आता मूळ भानगड. जॉब पोलादी बुशचा, म्हणजे पोकळ नळकांड्याचा. बोअर, म्हणजे आतलं भोक, ५० मिलिमीटर. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एच७. म्हणजे ५०.००० पासून ५०.०२५ पर्यंत चालतं. शून्याखाली गेलं की रिजेक्ट. नानांच्या बोअर गेजवर जॉब प्लस चार मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दाखवत होता. तोच जॉब स्टँडर्ड रूममध्ये थंड झाल्यावर मायनस सात. दोघंही खोटं बोलत नव्हते. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस असतं, आणि आमची स्टँडर्ड रूम तेवढ्यावरच ठेवलेली असते. बाहेर शेडमध्ये त्या दिवशी चाळिशी होती. पोलाद दर मीटरला, दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ५० मिलिमीटरला २० अंशांचा फरक धरला तर अकरा-बारा मायक्रॉन होतात. नानांच्या गेजला झीरो करायची मास्टर रिंग, म्हणजे नेमक्या मापाची कडी, सकाळी एसीतून थेट त्यांच्या हातात जायची. झीरो गार रिंगवर आणि मोजणी गरम जॉबवर, म्हणून प्लस दिसत होतं.

हे गणित त्यानं व्हाइटबोर्डवर भराभर मांडलं आणि तसाच नानांकडे निघाला. मी थांबवलं. म्हटलं, गणित नंतर. आधी रिंग आणि जॉब त्यांच्या हातात दे, आणि गप्प राहा.

"किती वेळ?"

"ते बोलेपर्यंत."

आम्ही दारातच तालीम केली. समोरून जायचं, मागून नाही. दोन हात अंतरावर थांबायचं. आधी "नाना" म्हणायचं, ते वर बघतील, मग बोलायचं. डोळ्यांत बघणं जमत नसेल तर त्यांच्या हातांकडे बघ, चालतं. डोळ्यांचा आग्रह मी मुद्दाम धरला नाही. त्यात त्याची सगळी ताकद जाते आणि बोलणं राहून जातं.

जेवणानंतर गेलो. मी लांब, चिप कन्व्हेयरपाशी उभी राहिले. तो समोरून गेला, थांबला, "नाना" म्हणाला. नानांनी वर बघितलं, चेहरा अजून आवळलेलाच. यानं एसीतून नुकतीच आणलेली रिंग त्यांच्या डाव्या हातावर ठेवली आणि मशीनमधून निघालेला बुश उजव्या हातावर. आणि गप्प उभा राहिला. त्याच्या ज्या गप्प उभं राहण्यानं सगळे वैतागायचे, ते त्या वेळी अगदी योग्य पडलं. दुसरा कुणी असता तर मधेच समजावायला लागला असता. नानांनी दोन्ही हात जोखल्यासारखे वरखाली केले. रिंग गालाला लावून बघितली.

"गार आहे ही."

"हो."

"एसीतून आणता?"

"हो."

"मग सकाळी आणून इथंच ठेव ना बाबा, जॉबशेजारी. दोन्ही सारखे होऊ दे, मग झीरो करू."

हेच तो सांगायला आला होता, पण नानांनी ते स्वतः सांगितलं. मग नानांना आठवलं. म्हणाले, डिसेंबरात सकाळच्या पाळीला उलटं होतं. पहिले नग कमी दाखवतात, ऑफसेट देऊन कट वाढवावा तर दहा वाजेपर्यंत मोठे निघायला लागतात. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, मशीन गरम व्हायला वेळ घेतं. नाशिकची थंडी काय असते ते इथल्या पहिल्या पाळीला विचारा. मशीन गरम होणं हे कारण असतंच, पण शेड दहा-बारा अंशांवर आणि रिंग विसावर, हेही त्यात होतं. पोरानं तिथल्या तिथं हिशोब करून सांगितलं की निव्वळ रिंगमुळे पाच-सहा मायक्रॉन जातात. नाना पाटावरच्या विद्यार्थ्यासारखे ऐकत होते.

निघताना तो वळला. हे आमच्या तालमीत नव्हतं. नानांच्या हातांकडे बघत म्हणाला, "सकाळी सहा जणांसमोर बोललो. ते फक्त तुम्हाला सांगायला हवं होतं."

"जाऊ दे रे," नाना म्हणाले, आणि सकाळचा ट्रे रीवर्कसाठी स्वतः ओढून घेतला. बोअर लहान होतं म्हणून निभावलं. पुन्हा कट मारता आला. मोठं झालं असतं तर सगळं भंगारात गेलं असतं.

पुढे आम्ही रिंग जॉबशेजारी ठेवण्याचं वर्क इन्स्ट्रक्शन केलं. त्याखाली दोन सह्या आहेत, त्याची आणि नानांची. त्याच आठवड्यात मी लाइनवरच्या माणसांशीही बोलले, त्याला न बोलावता. सांगितलं, त्याला आडून बोललेलं कळत नाही. राग आला तर सरळ सांगा, तो मनावर घेत नाही. त्याच्या बोलण्याची नक्कल बंद करा. एकजण म्हणाला, "मॅडम, बदलायचं त्यानं ना?" मी म्हटलं, तो रोज वही भरतोय, तुम्ही एक टोमणा कमी करा. सुपरवायझरना हे फारसं रुचलं नाही. माझं मत आजही तेच आहे.

वहीत आता बरीच पानं झाली आहेत. रात्रपाळी करून आलेल्याला "झोप झाली का?" विचारायचं, असं मी एकदा सांगितलं होतं. त्यानं विचारलं, "उत्तर ऐकायला थांबायचं का?" हो, थांबायचं. तो खरंच थांबतो, आणि लोकांना ते आवडायला लागलंय. सुट्टीच्या दिवशी नाना त्याला मिसळ खायला घेऊन गेले. आदल्या दिवशी किती वाजता जायचं, पैसे कोण देतं, पाव परत मागितला तर चालतं का, हे सगळं त्यानं मला विचारून घेतलं होतं.

आठवड्यातून दोन-तीनदा तो अजूनही स्टुलावर एकटाच जेवतो. शेडमधला आवाज त्याला दमवतो, असं तो सांगतो. परवा पॅकिंगमधली पोरं विचारत होती, "मॅडम, त्याला बोलवू का आमच्यात?" म्हटलं, विचारा. नाही म्हणाला तर रागावू नका, आणि उद्या परत विचारा.