रक्त पिणारा नवरदेव

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एरवी हा प्रश्न मी हसण्यावारी नेते, कारण तो नेमका वाचनालय बंद करायच्या वेळी येतो. "ताई, तो मेलेला माणूस, रक्त पेते, अन् पोट्टी त्याच्यावर जीव टाकते! असं काय हाय त्याच्यात? अन् तुम्ही काहून देता ही पुस्तकं?" कधी बाप विचारतो, कधी आई, कधी आमच्याच कार्यकारिणीतले गुरुजी.

यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या एका गावात मी ड वर्गाचं, म्हणजे सर्वांत छोट्या श्रेणीचं, सार्वजनिक वाचनालय सांभाळते. शाळा सुटल्यापासून मानव विकास योजनेतली, शाळकरी मुलींसाठीची निळी बस येईपर्यंत आसपासच्या गावांतल्या मुली आमच्याकडे टेकतात. त्यांना व्हॅम्पायरच्या, म्हणजे थडग्यातून उठून रक्त पिणाऱ्या मेलेल्या माणसाच्या, प्रेमकथांचं वेड आहे, हे खरं. ट्वायलाइट हा त्यातला गाजलेला अमेरिकी सिनेमा त्यांनी आधी मोबाइलवर हिंदीत डब केलेला पाहिला. मग प्रतिलिपी या गोष्टींच्या ॲपवर मराठी-हिंदी मालिका भागाभागाने वाचू लागल्या. मग एक-दोघी मूळ पुस्तक मागायला आल्या. मी मागवून दिलं, स्वतः वाचलं, आणि मग त्याच्या मागचं-पुढचंही वाचत गेले.

आपल्याकडच्या भुतांना प्रेमबिम ठाऊक नाही. पिंपळावरचा मुंजा, उलट्या पावलांची हडळ, वावरात वाट चुकवणारा चकवा, ही मंडळी धरतात, झपाटतात, नारळ-कोंबडं घेऊन सोडतात. नारायण धारपांच्या कथा वाचून रात्री पाणी प्यायलाही न उठणारी माझी पिढी. तेव्हा तुमचा अचंबा मला कळतो. पण हा व्हॅम्पायरही आधी असाच होता, आणि मुळात खेड्यातलाच होता.

१७२५ सालची गोष्ट. सर्बियातल्या किसिल्येवो गावचा पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला. त्यानंतर आठ दिवसांत गावातले नऊ जण दगावले, आणि मरण्याआधी त्यांनी सांगितलं की पेतार रात्री येऊन अंगावर बसला, गळा दाबला. तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग सरकारच्या अधिकाऱ्यासमोर थडगं उकरलं. देह फारसा कुजलेला नाही, तोंडाशी रक्त. छातीत खुंटा ठोकून जाळला. देह कुजताना पोटात वायू साठतो आणि लालसर द्रव तोंडाशी येतो, साथ घरातून घरात पसरते, हे त्या बिचाऱ्यांना कुठून कळावं? पुढे १७५५ मध्ये त्याच घराण्याच्या सम्राज्ञी मारिया तेरेझाने आपल्या वैद्यांकरवी चौकशी करून हे थडगी उकरणं बंद पाडलं. आपला जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, हे जाता जाता.

म्हणजे मूळचा व्हॅम्पायर मळक्या कपड्यातला मेलेला शेजारी. त्याला सूटबूट चढवला तो इंग्रजांनी. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात (आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि युरोपात ऊनच पडेना) जिनिव्हाच्या सरोवराकाठी काही लेखक मंडळी घरात अडकली आणि भुताच्या गोष्टी रचू लागली. त्यांच्यात कवी बायरनचा डॉक्टर होता, जॉन पॉलिडोरी. त्याची कथा १८१९ मध्ये छापली गेली आणि तिच्यातला व्हॅम्पायर थेट लॉर्ड झाला. देखणा, थंड, मोठ्यांच्या बैठकीतला. तो नायकाच्या बहिणीशी लग्नसुद्धा करतो. पण प्रेम कसलं? ती त्याचं जेवण असते.

यानंतर सर्वांना ठाऊक असलेला ड्रॅक्युला, ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला. सिनेमे पाहून आपल्याला तो रुबाबदार वाटतो. पुस्तकातला म्हातारा आहे, पांढऱ्या लांब मिशांचा, तळहातावर केस असलेला, तोंडाला घाण वास येणारा. (आणि तो दिवसाउजेडी फिरतोही. उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही भानगड १९२२ च्या एका जर्मन मूकपटापासूनची.) माझं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं. ते अख्खं पुस्तक डायऱ्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्राची कात्रणं यांचं आहे. वकील लिहितो, डॉक्टर लिहितो, वकिलाची बायको मीना लिहिते आणि सगळं टाइपही करते. एकटा काउंट ड्रॅक्युला कुठे आपल्या बाजूने लिहीत नाही. ज्याच्यावर खटला, त्याचीच साक्ष नाही.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथून सुरू होतं. दात तेच राहिले. गोष्ट कोण सांगतं, हे बदललं.

आपल्याकडे ही चतुराई फार आधीच केलेली आहे. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात राजाच्या खांद्यावरच्या प्रेतात शिरलेला वेताळ स्वतःच गोष्टी सांगतो, कोडी घालतो, आणि शेवटी कपटी साधूपासून राजाला वाचवतो. वेताळाची भीती वाटते, पण राग कोणालाच येत नाही, कारण इतका वेळ आपण त्याचंच ऐकत असतो. त्या ग्रंथाच्या सुरुवातीची कथा म्हणते की हा सगळा कथांचा साठा विंध्याच्या रानात काणभूती नावाच्या पिशाच्चानेच गुणाढ्य या कवीला सांगितला.

तिकडे व्हॅम्पायरची अशी पाळी खरी गाजली ती १९७६ मध्ये. ॲन राइसच्या कादंबरीत एक व्हॅम्पायर टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या मुलाला आपली जन्मकथा सांगतो. त्याला पश्चात्ताप आहे, माणूस मारणं नको वाटतं, उंदीर-कोंबड्यांवर भागवू पाहतो. त्या कादंबरीत एक छोटी मुलगी व्हॅम्पायर होते आणि मग कधीच मोठी होत नाही. लेखिकेची स्वतःची मुलगी सहा वर्षांचीही न होता रक्ताच्या कर्करोगाने गेली होती. हे कळल्यावर मला ते पुस्तक भयकथा म्हणून वाचताच येईना.

आणि मग तिसरी पाळी, मुलीची. जिच्या मानेवर दात यायचे, तीच आता "मी" म्हणून सांगू लागली. २००१ मध्ये शार्लेन हॅरिसची सुकी, २००५ मध्ये स्टेफनी मायरच्या ट्वायलाइटची बेला. आमच्या मुली वाचतात त्या मालिका या दोघींच्याच लेकी.

आता बघा. बेलाचं फोर्क्स हे अमेरिकेच्या वायव्य टोकाचं खरंखुरं गाव, सतत पाऊस, लाकूडतोडीचा धंदा. सुकीचं गाव लुइझियानातलं, काल्पनिक, पण तसंच लहान. ती तिथल्या बारमध्ये वाढपी. कोण कुणाकडे गेलं हे सगळ्यांना ठाऊक असणारी गावं. सुकीला तर लोकांच्या मनातलं ऐकूच येतं, आणि त्याने ती जेरीला आलेली आहे. व्हॅम्पायरच्या मनातलं तिला ऐकू येत नाही, म्हणून त्याच्याजवळ तिला शांत वाटतं. ट्वायलाइटमध्ये उलट: तिथल्या व्हॅम्पायरला, एडवर्डला, सगळ्यांच्या मनातलं कळतं, फक्त बेलाचं नाही. आमच्याकडे मुलगी बसस्टॉपवर कोणाशी दोन मिनिटं बोलली तर ती घरी पोचायच्या आत बातमी पोचते. अशा गावातल्या मुलीला, आपल्या मनात ज्याला शिरता येत नाही असा एक जण हवासा वाटला, तर त्यात मला तरी विचित्र काही दिसत नाही.

शिवाय स्थळ म्हणून पाहा की. एडवर्ड १९१८ च्या साथीत, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत, मरायला टेकलेला सतरा वर्षांचा मुलगा, तेव्हापासून सतराचाच. सांभाळणारा बाप डॉक्टर. पैसा, गाडी, पियानो. माणसाचं रक्त सोडून फक्त जनावरांवर जगणारं घर, आणि स्वतःला गमतीने शाकाहारी म्हणवणारं. लग्नाआधी काही नको म्हणून हट्ट धरतो तो, ती नाही. ज्या तालुक्यात शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही, नोकरीवाल्याचीच विचारपूस होते, आणि बारावीच्या निकालाआधी मुलीचा बायोडाटा फिरू लागतो, तिथे वावरात वेचणीला न लावणारा आणि ती म्हणेल तेव्हाच जवळ येणारा मुलगा मुलींना कल्पनेतच भेटणार. त्याच्यात ताकद आहे आणि तो ती आवरून धरतो. पोरी दातांवर भाळत नाहीत हो, या आवरण्यावर भाळतात.

पण ट्वायलाइटवर माझा रागही आहे, आणि तो मी मुलींना सांगते. एडवर्ड तिच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येतो आणि ती झोपलेली असताना बघत बसतो. पुढच्या एका भागात तिने मित्राकडे जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. का, तर काळजीपोटी. निळी बस आली नाही म्हणजे शाळा बुडते, हे रोज अनुभवणाऱ्या मुलींना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. काळजीचं नाव घेऊन पायाखालची वाट काढून घेणं त्यांनी घरोघरी पाहिलेलं असतं.

ड्रॅक्युलात एक नियम आहे. घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय व्हॅम्पायर उंबरठा ओलांडू शकत नाही; एकदा बोलावलं की मग केव्हाही येऊ शकतो. मायरबाईंनी हा नियमच उडवला. हॅरिसबाईंनी तो ठेवला आणि त्याला एक शेपूट जोडलं: दिलेलं आमंत्रण घरच्या बाईला परत घेता येतं. सुकीने ते परत घेतलं की घरात बसलेला व्हॅम्पायर, मनात असो नसो, पावलापावलाने दाराबाहेर जातो. दोनशे वर्षांच्या या सगळ्या बदलांत मला हा सर्वांत मोठा वाटतो. एकदा हो म्हटलं म्हणजे कायमचं हो नाही. पोलीस ठाण्याच्या भिंतीवरच्या कुठल्याही फलकापेक्षा हे लवकर डोक्यात शिरतं.

आता "असल्या भयंकर गोष्टीवर प्रेम कसं बसतं?" हा तुमच्या प्रश्नाचा उरलेला तुकडा. त्याला इथलंच उदाहरण आहे. २०१८ मध्ये आपल्याच भागात टी-१ वाघीण होती. तेरा माणसं मारल्याचं तिच्या नावावर होतं. बाया कापूस वेचायला जाईनात, गडी जागलीला जाईनात. त्याच वेळी शहरांत तिचं नाव अवनी होतं आणि तिला वाचवा म्हणून लोक कोर्टात गेले. नोव्हेंबरात तिला गोळी घातली तेव्हा तिकडे निषेध झाले, इकडे लोकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. दोन्हीकडची भावना खरीच होती. जिप्सीतून दिसणारा वाघ देखणा असतो, कपाशीच्या पऱ्हाटीत बसलेला नसतो. किसिल्येवोच्या शेतकऱ्याला पेतारची भीती होती तोवर त्याच्यावर कोणी प्रेमकथा लिहिली नाही. आज आपल्या मुली ज्याला भितात तो थडग्यातून येत नाही, मोटारसायकलवरून येतो. म्हणून थडग्यातला लाडका झाला.

एक मात्र मला खटकतं. हे लाड पुरुष व्हॅम्पायरचेच. १८७२ मध्ये, म्हणजे ड्रॅक्युलाच्याही आधी, शेरिडन ले फानू या लेखकाची कार्मिला येऊन गेली होती. ती बाई व्हॅम्पायर एका मुलीवर जीव लावते. शेवट काय, तर छातीत खुंटा आणि शिर वेगळं. ड्रॅक्युलातली ल्यूसी व्हॅम्पायर झाल्यावर तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्याच हातात खुंटा देतात. एडवर्डला चार जाडजूड पुस्तकं आणि सुखाचा संसार. आपणही वेगळे नाही. एकट्या म्हाताऱ्या बाईवर करणीचा संशय घ्यायला गावाला एक मेलेली शेळी पुरते. तिच्या बाजूने गोष्ट सांगायला कोणी बसत नाही. प्रतिलिपीवर लिहिणाऱ्या एखाद्या मुलीने ते मनावर घ्यावं, असं मी मुलींना म्हणत असते. त्या "मॅडम, तिच्यावर कोण प्रेम करन?" म्हणतात. लिहा की, म्हणजे कळेल.

राहिला प्रश्न पुस्तकं देण्याचा. नाही दिली तरी त्या मोबाइलवर वाचतातच, आणि तिथे पुस्तक परत घेताना चार प्रश्न विचारणारं कोणी नसतं. सुकीची पुस्तकं मोठ्यांची आहेत, ती मी कॉलेजच्या खाली देत नाही. तिच्या उंबरठ्याची गोष्ट तेवढी तोंडी सांगते. ट्वायलाइट नववीपासून देते. परत आणून दिलं की विचारते, तो न विचारता खोलीत आला तेव्हा तुला काय वाटलं? एक म्हणाली, "छान वाटलं, पुस्तकात हाय म्हणून." दुसरी म्हणाली, "आमच्या खिडकीले गज हायेत, मॅडम, अन् बाहेर बाजेवर आजी झोपते. तिले ओलांडून दाखव म्हणा." दुसरा भाग सध्या त्या दुसरीकडे आहे. तुमची मुलगी यादीत तिच्यानंतर आहे.